सात नंबरचं कार्ड

१

रत्नागिरीच्या सड्यावर, त्या वरच्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडाच्या त्या फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथे सकाळी नऊला रात्र होते. चेष्टा नाही करत. घड्याळाला जोडलेली ट्यूब बरोबर नऊला विझते आणि कोपऱ्यातला लाल दिवा लागतो. उंदराचं खरं जगणं अंधारात, आणि त्याच्यावर नजर ठेवणारी माणसं पगारी, ती दहा ते पाचच येणार. मग काय, उंदरांची रात्र उचलून माणसांच्या दिवसावर आणून ठेवली! लाल उजेड उंदरांना दिसत नाही, त्यांना तो अंधारच.

ऋतिका पाष्टे तिथे प्रोजेक्ट असिस्टंट होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., वय एकतीस, नवरा सागर मुंबईला अंधेरीत कामाला, महिन्यातून एकदा येणारा. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. बारा पिंजरे, बारा पांढरे उंदीर. त्यातल्या सहांना एक औषध टोचलेलं, ज्याने मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला इजा होते आणि काही आठवड्यांनी त्यांना आपोआप फिट येऊ लागतात. माणसांना येतात तशाच. उरलेल्या सहांना नुसतं सलाईन. कोणाला काय दिलंय ते ऋतिकाला सांगितलेलं नव्हतं, म्हणजे तिचा हात पक्षपात करणार नाही. तिने फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. तारीख, वेळ, पिंजरा नंबर, पायरी. तोंड चावतोय, पहिली पायरी. मान हलतेय, दुसरी. पुढचे पाय थडथडतात, तिसरी. दोन पायांवर उभा राहतो, चौथी. उभा राहून कोसळतो, पाचवी.

"तोंडाकडे बघायचा नाय ताई," पिंजरे धुणारे धोंडूकाका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "नंबराकडे बघायचा. तोंडाकडे बघितलात की संपलात." साठीचा माणूस, पण कामाला असा चोख की त्यांनी धुतलेल्या पिंजऱ्यात आपण जेवावं.

हे काम ऋतिकाने मुद्दाम मागून घेतलं होतं. कारण घरी सानवी होती. सहा वर्षांची, पहिलीत, आणि चौथ्या वर्षापासून फिटचा आजार. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवून दाखवलं होतं, इथून सुरू होते, कानशिलाच्या आतून. शंभर फिट डोळ्यांनी बघितल्या की घरच्या एका फिटची भीती मोडेल, असं ऋतिकाला वाटलं होतं. कसली मोडते! शंभर बघितल्या आणि भीती शंभरपट झाली.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी ती कालचं रेकॉर्डिंग बघत होती. सात नंबरचा उंदीर भुशात बसलेला. त्याने डावा पुढचा पाय उचलला आणि डावा कान चोळला. उंदीर कान पुसतातच, दिवसभर पुसतात, त्यात काय मोठं? पण ते दोन्ही पायांनी, पुढून पुसतात. हा एकाच पंजाने, मागून पुढे, सावकाश, कानात पाणी गेल्यासारखा चोळत होता. मग तोंड चावू लागला. मग भुशाची एकच काडी धरून ओढत बसला. ऋतिकाचा पेन हातातच राहिला. सानवीची फिट अशीच सुरू व्हायची. आधी डावा कान, मग ओठांची चपचप, मग फ्रॉकची कड चिमटीत धरून ओढत बसणं.

"वेड लागलंय मला," ती स्वतःशीच म्हणाली आणि लिहिलं, पायरी एक.

२

त्याच आठवड्यात, गुरुवारी, ती लाल दिव्याखाली स्टुलावर बसली होती. एसीची घरघर, पाण्याच्या बाटल्यांच्या तोटीतली गोळी टकटक वाजतेय, बाकी आवाज नाही. सात नंबरने कान चोळला. तिने मोबाइल बघितला, अकरा वाजून दहा मिनिटं. कान, तोंड, काडी. मग पुढचे पाय थडथडले, तो दोन पायांवर उभा राहिला आणि डाव्या अंगावर आडवा झाला. पायरी पाच. तिने लिहिलं.

अकरा वाजून सोळा मिनिटांनी शाळेतून बाईंचा फोन आला. "सानवीची आई, घाबरू नका, आता बरी आहे. प्रार्थनेच्या हॉलमध्ये उभी होती, डाव्या बाजूला पडली."

"किती वाजता?"

"आत्ताच हो, अकरा-दहाला. मधली सुट्टी झाली ना, घंटा वाजली तेव्हाच."

ऋतिकाने फोन कानाला लावूनच पिंजऱ्याकडे बघितलं. पिंजऱ्यात सात नंबर उठून बसला होता. दमलेला, ओला, आणि मान एका बाजूला कलती. फिट येऊन गेल्यावर सानवी अशीच मान कलती करून बसायची आणि पाणी मागायची. उंदीर तोटीपाशी गेला आणि पाणी पिऊ लागला.

३

आता ऋतिका काही अंगारे-धुपारे करणारी बाई नव्हती. देवळात जायची, पण रांग मोठी असली तर बाहेरूनच हात जोडून परतणारी. योगायोग असतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दोन घड्याळं पुरेसा वेळ बघत बसलं तर कधीतरी जुळतातच.

म्हणून तिने शास्त्राच्या माणसाने करावं तेच केलं. डॉक्टरांनी सानवीच्या फिटची नोंद ठेवायला सांगितली होती, ती घरची वही ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात घेऊन गेली. दीड महिन्यात सानवीला सात फिट आल्या होत्या. कॅमेरा चोवीस तास चालू असतो. तिने एकेक तारीख काढून सात नंबरचं रेकॉर्डिंग लावलं. रविवार, सकाळी पावणेआठ. आहे. मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून वीस. आहे. गणपतीत सानवी आजीबरोबर वेळणेश्वरला मावशीकडे गेली होती, सकाळच्या आरतीच्या वेळी फिट आली होती. तीही होती. इकडे खोलीत ट्यूब, ना आरती ना झांजा, आणि उंदीर डावा कान चोळतोय. सातच्या सात.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकत असेल म्हणून तिने मोबाइलशी ताडून बघितलं. सेकंदाचाही फरक नव्हता. इतका बिनचूक कॅमेरा सरकारी पैशात मिळाला कसा, असा एक फालतू विचारही तिच्या डोक्यात येऊन गेला. माणूस घाबरला की असले विचार करतो.

ती डॉ. नाचणकरांच्या केबिनमध्ये गेली. प्रकल्प त्यांचा. माणूस वाईट नव्हता, पण प्रयोगापुढे त्यांना बायको-मुलंही आठवत नसत.

"सर, सात नंबरला औषधाचा डोस किती दिलाय?"

"ते तुम्हाला सांगायचं नसतं, ऋतिका. नियम आहे ना?"

"सर, एकदाच. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय."

सरांनी कुरकुर करत ड्रॉवरमधून यादी काढली, चष्मा कपाळावर चढवला. "सात... सातला काहीच नाही. नुसतं सलाईन."

"पण त्याला फिट येतात सर. पाचव्या पायरीच्या."

"येऊच शकत नाहीत. तुमचा पिंजरा चुकला असेल. कार्ड नीट बघत जा."

ती बाहेर व्हरांड्यात आली. सड्यावर कडक ऊन होतं, मुलं कँटीनसमोर वडापाव खात होती. तिला त्या उन्हात थंडी वाजली.

४

रविवारी कॉलेज बंद, पण उंदरांना रविवार नसतो. ऋतिका ड्यूटीवर एकटीच होती. बारा वाजून वीस मिनिटांनी सात नंबरने कान चोळला. तिने लगेच घरी फोन लावला. तिची सासू गोदूबाई कुवारबावच्या भाड्याच्या खोलीत नातीला सांभाळायची.

"आई, सानवी काय करतेय?"

"जेवतेय गो. बांगड्याचं कालवण केलंय, तर काटे काढून..." पलीकडे ताट खणकन पडलं. "अगो बाय! फिट आली तिला! ऋतिका, फिट आली गो पोरीला!"

"आई, कुशीवर वळवा. तोंडातला घास काढा. फोन तिथेच ठेवा, बंद नका करू."

समोर पिंजऱ्यात उंदीर कोसळला होता आणि पाय झाडत होता. फोनमधून टाचा फरशीवर आपटत होत्या. पिंजऱ्यात नखं खालच्या पत्र्यावर आपटत होती. दोन्ही आवाज एकाच तालात. एक मिनिट झालं. तीन झाली. पाच मिनिटांवर गेलं, आणि थांबेना. इतकी लांब फिट सानवीला कधीच आली नव्हती.

"थांबत नाय गो! काळी-निळी पडली! मी काय करू, सांग ना मेल्या देवा!"

पाच मिनिटांवर फिट गेली तर उंदराला पोटात फिट थांबवणारं इंजेक्शन द्यायचं, हा खोलीचा नियम. ऋतिकाने ते पन्नास वेळा दिलं होतं. तिने सात नंबरला उचललं, उताणं धरलं, आणि पोटाला डावीकडे खाली सुई टोचली.

फोनमधून सानवी किंचाळली, "आई गं! दुखलं!"

मग दोन्हीकडे एकदम शांत. पंजे थांबले. टाचा थांबल्या.

"थांबली," गोदूबाई रडत म्हणाली. "झोपली बघ. कशी गाढ झोपली."

सानवी संध्याकाळी सातपर्यंत झोपली. तिला त्या दिवशी कोणी कसलंही झोपेचं औषध दिलेलं नव्हतं. ऋतिकाने घरी येऊन तिचा फ्रॉक वर केला. पोटाला डावीकडे खाली एक बारीक लाल ठिपका होता, मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र.

"मुंगी चावली असेल," गोदूबाई म्हणाली.

ऋतिका मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. भीतीने रडली की आनंदाने, ते तिचं तिलाही कळलं नाही. कारण रडता रडता तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की सानवीला मी आता बरी करू शकते.

५

आणि केलीच की तिने! सानवीचंच सिरप, सकाळ-संध्याकाळचं, जे घेऊनसुद्धा तिला फिट यायच्या. ऋतिकाने उंदराच्या वजनाचा हिशेब करून त्याचा थेंब ठरवला. रोज सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी निघताना ती कॅमेऱ्याला पाठ करून करंगळीच्या टोकावर तो थेंब घ्यायची आणि पिंजऱ्याच्या जाळीतून आत धरायची. सात नंबर तो चाटून घ्यायचा. त्याची जीभ खरखरीत आणि गरम होती. नियमाच्या दृष्टीने हा गुन्हाच, कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण आईच्या जिवाला नियम सांगायला कोण जाणार?

पहिल्या आठवड्यात एकही फिट नाही. दुसऱ्यात नाही. सानवी सायकल शिकली. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केला, मावळे मांडले, शेजारच्या पोरांशी भांडली. सागर आला तर बघतच राहिला. "काय जादू केलीस गं?" त्याने विचारलं. ऋतिका म्हणाली, "नवीन डॉक्टरांचं औषध लागू पडलं." ती इतकी खूश होती की खोटं बोलताना तिला लाजही वाटली नाही. धोंडूकाकांचं ऐकणं तिने केव्हाच सोडलं होतं, ती आता सात नंबरच्या तोंडाकडेच बघायची. त्याच्याशी बोलायची. "जेवलास का रे?" विचारायची.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी, बुधवारी, नाचणकर सर वह्या घेऊन खोलीत आले. लाल उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ऋतिका, तुम्ही म्हणत होतात ते खरं निघालं. मी रेकॉर्डिंग बघितलं. सलाईनवाल्या जनावराला फिट येतात, आणि मग आपोआप बंद होतात! औषध नाही, काही नाही, बंद! कुठे ऐकलंय असं? काहीतरी वेगळंच आहे याच्या मेंदूत."

ऋतिकाने वही मिटली. "मग, सर?"

"मग काय, बाकीचे महिनाअखेरीस. पण हा परवाच घेऊ. शुक्रवारी. मेंदू काढायचा, गार ठेवायचा आणि दुपारी कापायला घ्यायचा. ताजाच हवा."

"सर, थोडे दिवस थांबलो तर? कदाचित फिट परत सुरू होतील."

"सुरू व्हायच्या आतच बघायचं ना! प्राण्यांच्या समितीची मंजुरी मी घेतलीय."

सर शिट्टी वाजवत गेले. फिट बंद केल्या तिनेच. सरांचं लक्ष वेधलं तेही तिनेच. ऋतिका सातच्या पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसली.

६

पळवून न्यावा? गेटवर पिशव्या तपासतात. जनावरांची मोजदाद रोज होते, एक कमी झाला की सकाळीच बोंब. आणि वर कॅमेरा, चोवीस तास. सरांना खरं सांगावं? काय सांगावं? तोंड उघडलं असतं तर उंदीर गेला असताच, आणि तिची रवानगीही वेड्यांच्या डॉक्टरकडे झाली असती.

गुरुवारी दुपारी तिला एकच गोष्ट सुचली. सातच्या शेजारी आठ. तितकाच मोठा, तितकाच पांढरा. सर येतील, कार्ड बघतील आणि सात लिहिलेल्या पिंजऱ्यात हात घालतील. त्या खोलीत उंदीर ओळखायला कार्डाशिवाय दुसरं काही नव्हतंच, निदान ऋतिकाने दुसरं काही कधी बघितलं नव्हतं.

तिने कॅमेऱ्याकडे पाठ केली, भुसा बघायचं निमित्त केलं आणि दोन कार्डं अदलाबदल केली. आठ नंबरचा उंदीर जाळीला नाक लावून तिच्याकडे बघत होता.

"माफ कर रे बाबा," ती त्याला म्हणाली. "तुला आई असेल तर तीही हेच करेल."

संध्याकाळी तिने आपल्या उंदराला थेंब चाटवला आणि घरी गेली. सानवीला मांडीवर घेऊन जेवली. पोर म्हणाली, "आई, अगं मी मोठी झालेय आता," पण उठली नाही.

७

शुक्रवारी ती दहाला पाच कमी असताना पोचली. लाल दिवा, एसीची घरघर. सात लिहिलेला पिंजरा रिकामा होता. आठ लिहिलेल्या पिंजऱ्यात उंदीर आरामात अंग चाटत बसला होता. ऋतिकाने भिंतीला पाठ टेकली. सुटलो! तिला हसू फुटलं. बिचाऱ्या आठचं वाईटही वाटलं, पण हसू आवरेना.

तिने करंगळीवर थेंब घेतला आणि जाळीतून आत धरला. उंदराने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"घे ना रे."

त्याने घेतलं नाही.

दारातून धोंडूकाका आत आले, हातात धुतलेल्या बाटल्यांची टोपली. "ताई, लवकर आलात. सर नऊ वाजताच आले होते, साडेनऊला उरकलं त्यांनी." मग जवळ येऊन हळू आवाजात, तिची अब्रू राखत म्हणाले, "कोणाला बोललो नाय हां मी. काल तुमच्याकडनं सात-आठची कार्डं उलटी लागली होती."

ऋतिकाने वळून बघितलं. "काय?"

"सकाळी आठला पिंजरे बदलतो ना मी, तेव्हा ट्यूब असते. मानेवर खूण असते त्यांच्या, पिवळ्या रंगाची. साताला एक पट्टा, आठाला दोन. तुमच्या या लाल दिव्यात पिवळं दिसत नाय, म्हणून तुमी कदी बघितली नाय. बघितलं तर उलटं! मी सरळ केली. नायतर सरांनी भलत्यालाच मारलं असतं, आनी बोलणी तुमाला बसली असती."

त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! ऋतिकाने पिंजरा उचलला आणि धावत बाहेर व्हरांड्यात, उन्हात आणला. उंदराच्या मानेवर हळदीसारखे पिवळे दोन पट्टे होते.

तिने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. आठ वेळा, नऊ वेळा.

"हां गो," गोदूबाई म्हणाली.

"सानवी कुठेय?"

"हाय इथं, पायरीवर बसलेय उन्हात. पण कशीतरीच करतेय बघ. साडेनवाला एकदाच 'आई' म्हणाली, मग गप्प. हातपाय गार पडलेत. ताप नाय. फिट पन नाय. कांबळं घातलंय तरी कुडकुडतेय."

"तिला द्या फोन."

पोरीचा श्वास ऐकू आला. मग आवाज, अगदी हळू. "आई, गार लागतंय. आणि दिवा कोणी घालवला? काहीच दिसत नाही."

"सानू, तू उन्हात बसलीयस ना?"

"नाही गं. इथे काळोख आहे."

८

सरांच्या प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, ते प्राचार्यांकडे मीटिंगला गेले होते. कोपऱ्यात फ्रिज. ऋतिकाने फोन कानाला धरूनच त्याचं दार उघडलं. आत पिवळा बल्ब लागला. मधल्या फळीवर काचेची छोटी बरणी होती, झाकणावर पट्टी, पट्टीवर सात. बरणीत पाणी, आणि पाण्यात सुपारीएवढं काहीतरी पांढुरकं.

"आता लागला दिवा," सानवी म्हणाली.

ऋतिकाने दार लोटलं.

"गेला परत. आई, नको ना गं."

तिने दार उघडलं. "लागला," पोर म्हणाली. दोनदाच. तिसऱ्यांदा करून बघायची ताकद तिच्यात नव्हती. तिने बरणी काढली आणि दोन्ही हातांत धरली. व्हरांड्यात धोंडूकाका भेटले, त्यांनी बरणी बघितली, तिचं तोंड बघितलं, आणि वाटेतून बाजूला झाले. गेटवरच्या वॉचमनला तिने पर्स दाखवली. ओढणीखाली हातात काय आहे ते त्याने विचारलं नाही.

बाहेर एक रिक्षा उभी होती. "कुवारबाव," ती म्हणाली आणि बरणी मांडीवर घेऊन बसली. फोन खांद्याने कानाशी दाबला. सड्यावरून उतरणाऱ्या रस्त्याची चाळण झालेली. पहिल्याच खड्ड्यात बरणीतलं पाणी डचमळलं, आणि फोनमधून गोदूबाई ओरडली, "अगो, ही बसल्या जागी हेलपाटतेय! पडते बघ पायरीवरनं!"

"दादा, हळू! पाया पडते तुमच्या, हळू घ्या!"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि वेग कमी केला. वयस्क माणूस होता, दाढी पिकलेली. ऋतिकाने बरणी दोन्ही तळव्यांत धरली, छातीशी घेतली, खड्डा आला की स्वतःचं अंग सैल सोडून तिला अधांतरी ठेवली. बाजूने ऊन आत आलं आणि बरणीवर पडलं.

"आई," फोनमध्ये सानवी म्हणाली. आवाजात कितीतरी वेळाने जीव आला होता. "ऊन आलं. आता बरं वाटतंय. छान ऊब आहे."

"हो ना राजा? मी आहे हां. मी धरलंय तुला." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. घरी नेऊन खिडकीत ठेवू, तिच्या डोक्यात चाललं होतं, जिथे दिवसभर ऊन येतं तिथे. हलवायचं नाही. कोणाला हात लावू द्यायचा नाही.

"वैनी, एक सांगू काय?" रिक्षावाला म्हणाला. त्याने आरशातून बरणी बघितली होती. "काय मासळीतलं हाय ते मला म्हाईत नाय. पन उन्हात नका धरू. तासाभरात नासल."

ऋतिकाने खाली बघितलं. हे तिला सांगायला रिक्षावाल्याची गरज नव्हती. मेंदू गार ठेवतात तो कशासाठी, हे तिने प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीच लिहून घेतलं होतं. बरणीतलं पाणी सकाळी स्वच्छ असणार. आता त्यात किंचित गढूळपणा आला होता. आणि फोनमध्ये सानवी, एकोणीस दिवस अंगणात गायली तशी, गुणगुणत होती. मधेच एक शब्द विसरली. थांबली, आठवू लागली, आणि तिला तो आठवेना.

"आई, माझ्या शाळेचं नाव काय गं?"

ऋतिकाने डोळे मिटले. बरणी ऊनऊन लागत होती.

"दादा," ती म्हणाली, "इथे बर्फ कुठे मिळेल?"

"मिरकरवाड्याला. मच्छीवाल्यांचा बर्फाचा कारखाना हाय ना, तिथं पायजे तेवढा. पन तो उलट्या बाजूला हो."

"आई, ऊन कित्ती छान आहे," सानवी म्हणाली.

"मिरकरवाड्याला घ्या," ऋतिका म्हणाली. तिने ओढणी काढली, बरणीभोवती गच्च गुंडाळली, सावली केली, आणि पोरीचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून फोन कानापासून दूर धरला.